गाठ काढली, मग ती परत आली कुठून?

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाई ५८ वर्षांच्या आहेत. २०१३ साली त्यांच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो झाली, पाच वर्षं टॅमोक्सिफेन घेतलं. पुढं सगळं छान चाललं होतं. दसऱ्यापासून कंबर दुखायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं. पण स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्याच्या हाडात तोच आजार निघाला. तेव्हा सर्जन म्हणाले होते, "कडा मोकळ्या आहेत, सगळं निघालंय." मग हा आला कुठून? त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो, त्यानं एक लेख पाठवला. त्यात लिहिलंय की कॅन्सरच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, मागं राहतात आणि केमोनं मरत नाहीत. त्या मारल्या की आजार मुळासकट जातो. आमच्या भजनी मंडळातल्या एकजणी मात्र उलटंच सांगतात : स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की हाडं पुन्हा नवी होतात. त्यांच्या ओळखीत एक जण देतो, साडेतीन लाख लागतील म्हणे. स्टेम सेल आजार देतात की बरा करतात? त्याची काही तपासणी असते का? आणि माझी मुलगी वीस वर्षांची आहे, तिला कितपत धोका?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, साडेतीन लाख अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती जपून ठेवा. आता बाकीचं सावकाश बोलू.

सर्जननी सांगितलं ते खरंच होतं. मी नोकरीभर सरकारी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी केली, त्यामुळे कडा मोकळ्या की नाहीत हे ज्या टेबलावर ठरतं ते मला चांगलं माहीत आहे. काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्याकडे येतो. (येतो म्हणजे यायला हवा. नातेवाइकांच्या हाती सलाइनमध्ये, नाहीतर नुसत्याच प्लास्टिकच्या डब्यात आलेले नमुने मी पुष्कळ पाहिलेत. असा खराब झालेला नमुना वाचताना डोकं फिरतं, आणि नुकसान होतं ते त्या बाईचं.) आम्ही त्याच्या बाहेरच्या कडेला शाई फासतो, काप घेऊन मेणात बसवतो, आणि मायक्रोस्कोपखाली बघतो की कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का. नसतील टेकल्या तर कडा मोकळ्या. पण ही शाई फक्त स्तनापुरतं सांगते. गाठ हाताला लागायच्या आधीच ज्या पेशी रक्तातून हाडापर्यंत पोचल्या, त्यांची खबर तिला कुठून असणार?

आणि अशा पेशी जातात. २००५ साली नऊ अभ्यासांतल्या ४,७०३ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आजार स्तनात आणि काखेतच आहे असं वाटत असताना, निदानाच्या वेळीच सुमारे ३१ टक्के जणींच्या अस्थिमज्जेत कॅन्सरच्या सुट्या पेशी सापडल्या होत्या. त्यांच्यात पुढं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं हे खरं, पण त्यातल्या कितीतरी जणींना काहीच झालं नाही. म्हणजे हाडापर्यंत पोचलेली प्रत्येक पेशी तिथं संसार थाटत नाही. बहुतेक मरतात, काही वर्षानुवर्षं निजून राहतात आणि अगदी थोड्या नवी गाठ उभी करतात. त्या थोड्या कोणत्या, हा प्रश्न विचारला की तुमच्या पुतण्यानं पाठवलेल्या लेखातली मूळपेशी समोर येते.

आधी निरोगी स्तनाचं बघा. हृदय, यकृत, मूत्रपिंडं जन्मताना तयार असतात, स्तन तयार नसतो. वयात येताना त्यात नळ्यांना फांद्या फुटतात. दर पाळीला तो थोडा भरतो आणि ओसरतो. गरोदरपणात दुधाच्या ग्रंथी घोसांनी लगडतात, बाळाचं दूध सुटलं की सगळा पसारा आवरला जातो, आणि पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा मांडला जातो. एवढं वारंवार बांधकाम करायचं तर काही पेशी कायम शिलकीत ठेवाव्या लागतात. त्या दुभंगताना एक पेशी आपल्यासारखीच राखतात आणि दुसरी कामाला लावतात. २००६ साली मेलबर्नच्या जेन विसवाडर आणि जेफ लिंडमन यांच्या गटानं उंदराच्या स्तनातली अशी एकच पेशी, अक्षरशः एक, दुसऱ्या उंदराच्या ग्रंथी काढून टाकलेल्या चरबीत ठेवली. तिच्यातून आख्खी स्तनग्रंथी उभी राहिली. मी आयुष्यभर मेलेल्या, रंगवलेल्या पेशी बघत आले. हा प्रयोग वाचला तेव्हा मला हेवा वाटला होता.

गाठीतही अशी उतरंड असते हे आधी रक्ताच्या कॅन्सरमध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. स्तनाच्या कॅन्सरची पाळी २००३ मध्ये आली. मिशिगन विद्यापीठात मुहम्मद अल-हज, मॅक्स विशा, मायकेल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या गाठींतल्या पेशी अंगावरच्या खुणांप्रमाणे निवडून वेगळ्या केल्या. सीडी-४४ नावाची खूण भरपूर आणि सीडी-२४ जवळपास नाहीच, अशा पेशी एका बाजूला. उरलेल्या दुसऱ्या बाजूला. मग प्रतिकारशक्ती लुळी असलेल्या उंदरांना त्या टोचल्या. पहिल्या प्रकारच्या जेमतेम १०० पेशींनी गाठ धरली. दुसऱ्या प्रकारच्या कित्येक हजार पेशी टोचूनही काही झालं नाही. नऊपैकी आठ रुग्णांच्या पेशींत हाच प्रकार दिसला. आणि उंदरात वाढलेल्या नव्या गाठीत पुन्हा दोन्ही प्रकारच्या पेशी हजर!

भांडंभर दुधाचं दही लावायला चमचाभर विरजण पुरतं. दुधात आणखी दूध ओतून दही लागत नाही. २००३ चा निष्कर्ष इतका सोपा होता आणि म्हणूनच तो सगळ्यांना आवडला. पण त्यापुढचा वाददेखील याच भांड्यात दिसतो : एकदा दही लागलं की त्यातला कुठलाही चमचा उद्याचं विरजण होऊ शकतो. २००८ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की साध्या स्तनपेशींना चिकटून राहणं सोडून सुटं भटकायला लावलं, तर त्या मूळपेशींसारख्या वागायला लागतात. २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून पुढचा निष्कर्ष आला : काही साध्या पेशी कुणी न ढकलता, आपल्या आपणच त्या अवस्थेत शिरतात. त्याच सुमारास त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरमध्ये शॉन मॉरिसन यांनी आणखी जास्त दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले आणि जवळजवळ दर चार पेशींमागं एक पेशी गाठ धरू लागली. म्हणजे आधी अशा पेशी इतक्या विरळ दिसल्या, त्यात उंदराचाही हात होता.

तेव्हा 'मूळपेशी मारल्या की आजार मुळासकट गेला' हे लेखातलं वाक्य अर्धं खरं धरा. मला विचाराल तर कॅन्सरची मूळपेशी ही पेशीची कायमची जात मानण्यापेक्षा तिची एक वागण्याची तऱ्हा मानलेली बरी. काही पेशी त्या तऱ्हेत मुरलेल्या असतात, काही वेळप्रसंगी शिरतात. नुसत्या आज मूळपेशी असलेल्या मारून भागणार नाही.

केमोचं म्हणाल तर लेखातला तो भाग बरोबर आहे. केमो मुख्यतः भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठते. मूळपेशींच्या तऱ्हेनं वागणाऱ्या पेशी पुष्कळदा संथ असतात. शिवाय त्यांच्या आवरणावर औषध बाहेर उपसणारे पंप जास्त असतात, डीएनए दुरुस्त करायची तयारी चांगली असते, आणि एएलडीएच नावाचं विकर, जे सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधाची धार बोथट करतं, तेही भरपूर असतं. ह्यूस्टनमध्ये ऑपरेशनआधी केमो दिलेल्या रुग्णांच्या गाठी आधी आणि नंतर तपासल्या, तेव्हा गाठ लहान झाली तरी उरलेल्या भागात या पेशींचं प्रमाण वाढलेलं निघालं. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. याचा अर्थ केमो फुकट गेली असा कृपा करून काढू नका. केमोनं उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं हे हजारो बायकांवर तपासलेलं आहे. शून्य होत नाही, इतकंच.

जाऊबाईंना टॅमोक्सिफेन दिलं होतं. ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला अडवतं, म्हणजे त्यांची गाठ इस्ट्रोजेनला दाद देणारी, ईआर पॉझिटिव्ह असणार. या प्रकारात आजार उशिरा उलटतो. २०१७ साली ६२,९२३ बायकांचा मोठा अभ्यास आला. सगळ्यांनी पाच वर्षं हार्मोनविरोधी गोळी घेतलेली आणि पाच वर्षांपर्यंत आजार नसलेल्या. त्यांच्यात पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार उलटण्याचं प्रमाण संथपणे पण सतत चालूच राहिलं. निजलेल्या पेशींचं हे असं असतं. पाच वर्षांनी गोळी बंद केली म्हणून हे झालं, असं घरात कुणी बोलत असेल तर थांबवा. पाच वर्षं ही तेव्हाची रूढ पद्धत होती. दहा वर्षांचा जास्त फायदा दाखवणारा ॲटलस अभ्यास २०१२ च्या शेवटी आला आणि तो कुणाला लागू करायचा हे गाठ आणि काख बघून ठरतं.

इथं एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. उंदराच्या स्तनातल्या खऱ्या मूळपेशींवर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन ओळखणारे ग्राहकच नसतात. तरी हार्मोन वाढले की त्यांची संख्या वाढते. कशी? शेजारच्या पेशी हार्मोनचा सांगावा घेतात आणि रँक-लिगंड नावाच्या प्रथिनातून तो त्यांच्यापर्यंत पोचवतात. हे २०१० मध्ये कळलं. हाडातल्या आजारासाठी दिलं जाणारं डेनोसुमॅब हे औषध नेमकं याच प्रथिनाला अडवतं. ते जाऊबाईंना हाडं मोडू नयेत म्हणून देतील, मूळपेशींसाठी नव्हे. पण औषधाचं नाव कानावर पडलं तर ओळख असावी.

तपासणीचं उत्तर सरळ आहे. नेहमीच्या रिपोर्टात मूळपेशींचा आकडा नसतो, आणि ज्यावरून उपचार ठरवावेत अशी मान्य तपासणी आज नाही. सीडी-४४ चा तपकिरी रंग आम्ही स्लाइडवर आणू शकतो. पण त्या तपकिरी पेशी बघून जाऊबाईंना कोणतं औषध द्यायचं हे मला सांगता येणार नाही, आणि दुसरं कुणी सांगतो म्हणाला तर त्याला पुरावा विचारा. जे तपासायला हवं ते वेगळं आहे. हाडातल्या जागेतून सुईनं तुकडा घेणं शक्य असेल तर घ्या, कारण ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ओळखणारे ग्राहक) आणि हर-टू (पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन) हे गुण इतक्या वर्षांत बदललेले असू शकतात. हाडाचा तुकडा कापण्याजोगा मऊ करण्यासाठी तीव्र ॲसिड वापरलं तर हे गुण पुसले जाऊन खोटा निगेटिव्ह रिपोर्ट येऊ शकतो. म्हणून नमुना देतानाच लॅबला सांगा की ईआर आणि हर-टू करायचं आहे, ईडीटीए या सौम्य द्रावणात मऊ करा. त्याला वेळ लागतो. लागू द्या. २०१३ चे मेणाचे ठोकळे त्या लॅबमध्ये असले तर तेही मागून घ्या. नीट ठेवलेला ठोकळा इतक्या वर्षांनीही वापरता येतो.

उपचार ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह निघालं तर आज लेट्रोझोलसारख्या, इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीबरोबर पॅल्बोसायक्लिब किंवा रायबोसायक्लिब ही पेशींचं दुभंगणं अडवणारी औषधं देतात. पॅल्बोसायक्लिबचं पेटंट आपल्याकडे २०२३ च्या सुरुवातीला संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांनी किंमत खूप खाली आली, तेव्हा महाग म्हणून आधीच नाही म्हणू नका. हाडातला आजार पूर्ण जाणं कठीण, पण या औषधांवर पुष्कळ बायका वर्षानुवर्षं आपलं घर, देवळाच्या फेऱ्या, लग्नकार्यं सगळं सांभाळून असतात. एक मात्र लक्षात ठेवा : मणक्यात आजार आहे, त्यामुळे पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या.

आता ते इंजेक्शन. भजनी मंडळातल्या बाईंचा हेतू चांगलाच असेल. पण केसगळतीपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्यावर स्टेम सेल विकणाऱ्यांचा हेतू मला माहीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या आणि तशा काही ठरावीक आजारांत अस्थिमज्जेतल्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाला. बाकी सगळं फक्त नोंदणीकृत प्रयोगात, आणि प्रयोगातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. साडेतीन लाख मागणाऱ्याला क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा नंबर विचारा, पुढचं संभाषण लवकर संपेल.

स्तनाच्या कॅन्सरवर मूळपेशींचा आधार घेऊन एकदा फार मोठा प्रयत्न झालाही होता. १९९० च्या दशकात अमेरिकेत हजारो बायकांना केमोचे प्रचंड डोस दिले गेले आणि त्यानं उद्ध्वस्त झालेली अस्थिमज्जा त्यांच्याच आधी काढून ठेवलेल्या मूळपेशींनी परत भरली गेली. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर वर्नर बेझवोडा यांचे याच उपचाराचे निकाल झकास होते. बाकीच्या चाचण्यांत फायदा दिसेना, म्हणून २००० साली त्यांचे कागद तपासायला पथक गेलं आणि लबाडी उघडी पडली. त्यांनी ती कबूलही केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या चाचणीनंही पसरलेल्या आजारात या उपचारानं आयुष्य वाढत नाही असं दाखवलं. त्या बायकांनी सोसलं ते सोसलंच.

मुलीचं. जाऊबाई तिच्या मोठ्या काकू असल्या तरी तिच्या रक्ताच्या नात्यातल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या आजारानं तिचा धोका वाढत नाही. तुमच्या माहेरी आणि तुमच्या यजमानांच्या रक्तात कुणाला असेल तर ते वेगळं. जाऊबाईंची स्वतःची मुलं असतील त्यांनी मात्र लक्ष घालावं. निदान पन्नाशीच्या आत झालं होतं, त्यामुळे ज्यांत दोष असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्या बीआरसीए जनुकांची तपासणी आधी जाऊबाईंची करावी. त्यांच्यात दोष सापडला तर मग मुलांची. दोष मुलगासुद्धा पुढं नेतो, तेव्हा बंगळुरूच्या चिरंजीवांनी फक्त लेख पाठवून थांबू नये. दोष निघालाच तर जाऊबाईंना औषधाचा आणखी एक पर्याय मिळू शकतो, हेही आहे.

प्रश्न : २०२१ मध्ये नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही नाळेतलं रक्त एका खासगी बँकेत ठेवलं. दरवर्षी पैसे भरतो. आमच्या सौभाग्यवतींना आता स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय. ते रक्त उपयोगी पडेल का?
— एक आजोबा, विजयनगर, इंदूर

उत्तर : नाही. त्यात रक्त बनवणाऱ्या मूळपेशी आहेत. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात त्यांचा काही उपयोग नाही. बँकेला फोन करण्यात दिवस घालवू नका, वहिनींचा ईआर आणि हर-टूचा रिपोर्ट हातात घ्या आणि ऑन्कॉलॉजिस्टकडे जा.

प्रश्न : हळद आणि काळी मिरी कॅन्सरच्या मूळपेशी मारतात असं अमेरिकेत सिद्ध झालंय, हे खरं का? मी सध्या टॅमोक्सिफेन घेते. बरोबर करक्युमिनच्या गोळ्या सुरू केल्यात, त्यात मिरीचा अर्कही आहे. सूनबाई म्हणते डॉक्टरांना विचारा.
— एक वाचक, देवास

उत्तर : सूनबाई शहाणी आहे. अमेरिकेतला अभ्यास खरा आहे, २०१० चा, मिशिगनच्याच गटाचा. करक्युमिन आणि मिरीतलं पिपरीन यांनी स्तनाच्या मूळपेशींची वाढ रोखली, पण ती काचेच्या बशीत. पोटात घेतलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून तर गोळीत मिरी घालतात. आणि घोटाळा तिथंच होतो. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बायकांना करक्युमिन दिलं, तेव्हा टॅमोक्सिफेनपासून शरीरात बनणारं खरं काम करणारं द्रव्य, एंडॉक्सिफेन, त्याची रक्तातली पातळी खाली आली; मिरीच्या अर्कासह दिलं तेव्हा आणखी खाली. जे औषध काम करतं हे नक्की माहीत आहे, तेच तुम्ही बशीतल्या औषधासाठी पातळ करताय. गोळ्या आजपासून बंद करा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती डबी दाखवा. वरणाभाजीत हळद नेहमीसारखी घाला, मिरीही.